मोकळी ठेवलेली फेरी

क्रिस्पीनने उत्तर दिलं नाही, आणि घर तिथेच फुटलं.

रविवारची दुपार होती. बॉइल हाइट्समधल्या घराच्या मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, चौरंग मांडला होता. चार बायका एकदम नाचतील एवढा मोठा, देवदाराचा, आतून पोकळ. नेमेसियाच्या बापाने तो तिच्या लग्नात दिला होता. मेक्सिकोतलं वेराक्रूझ सोडून लॉस एंजेलिसला येताना लोकांनी भांडी आणली, गाद्या आणल्या. नेमेसियाने चौरंग आणला. "तिकडे काय लाकूड मिळत नाही?" असं नवरा फुल्हेन्सियो तेव्हा वैतागून म्हणाला होता. "मिळतं. पण त्याला माझे पाय कुठे माहीत आहेत?" असं ती म्हणाली होती. फुल्हेन्सियोला जाऊन आता पाच वर्षं होत आली होती. चौरंग अजून ठणठणीत होता, आणि नेमेसियाचे पायही.

भोवती वाजवणारे उभे होते आणि मधोमध सगळ्यांत मोठा वाजवणारा, म्हणजे फुल्हेन्सियोचा धाकटा भाऊ क्रिस्पीन, शिंगाच्या पट्टीने आपली चार तारांची गिटार खणखणवत होता. बायका चौरंगावर टाचा आपटत होत्या. तेवढ्यात नेमेसियाच्या मुलाने, अठरा वर्षांच्या लिसांद्रोने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर ओढली आणि आपली विजेची गिटार जोडली. एक झटका मारला तसं शेजारचं कुत्रं भुंकत सुटलं.

"हे काय आणलंस?" क्रिस्पीन म्हणाला.

"गिटार आहे, काका."

"गिटार? जिला खिडकीला दोरीने बांधून ठेवावं लागतं ती गिटार नाही, बकरी असते."

सगळे हसले. लिसांद्रोही हसला, पण थांबला नाही. त्याने बापाचंच गाणं धरलं. तेच तीन सूर, गोल गोल फिरणारे, फक्त तारा विजेच्या आणि चाल धावती. मग तोंड उघडून त्याने एक कडवं म्हटलं. चौरंगावरच्या बायकांनी रीतीप्रमाणे पाय हलके केले. कुणी कडवं म्हणायला लागलं की टाचा आपटायच्या नाहीत, बोटांवर नुसतं कुजबुजायचं, म्हणजे शब्द ऐकू येतो. बोलणाऱ्याला मान द्यायचा असतो. आणि कडवं संपलं की समोरच्याने दुसऱ्या कडव्याने उत्तर द्यायचं. मग ते कौतुकाचं असो नाहीतर शिवीचं.

लिसांद्रोने काकाकडे बघत कडवं संपवलं. बायकांचे पाय हलकेच राहिले. तारा एक फेरी फिरल्या, दुसरी फिरली.

क्रिस्पीनने गिटार खाली ठेवली, टोपी उचलली आणि फाटकातून निघून गेला.

तोंडावर दार आपटलं असतं तर कमी लागलं असतं. उत्तर न देणं म्हणजे, तू माणसांत नाहीस, असं चारचौघांत सांगणं. लिसांद्रोचं तोंड पांढरं पडलं. नेमेसिया चौरंगावर तशीच उभी होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर राग कुणाचा करायचा, हेच तिला कळेना. दिराचा करावा, की बापाचं गाणं असं पळवत नेणाऱ्या पोराचा?

त्यानंतर क्रिस्पीन फिरकला नाही. चर्चबाहेर भेटला तेव्हा नेमेसियाने त्याला गाठलंच.

"भावजी, पोराने शिवी दिली असती तरी तुम्ही उत्तर दिलं असतं."

"शिवी दिली असती तर दिलंच असतं, वहिनी. त्याने आमच्या चालीत म्हटलं असतं तर! ते गोऱ्यांचं नाचगाणं आहे. आज गाणं पळवतोय, उद्या नाव बदलेल. बघाल तुम्ही."

"माझा मुलगा नाव बदलणार नाही."

"लिहून द्या," क्रिस्पीन म्हणाला आणि पुढे चालू लागला.

नेमेसिया हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. तिथे दिवसभर रेडिओ चालू असे. पूर्वी ती कान बंद ठेवून काम करायची. आता मुद्दाम ऐकायला लागली. आणि तिला एक गंमत कळली. ज्याला सगळे नवं नवं म्हणत होते, त्यातलं अर्धं तिच्या ओळखीचं होतं. तेच तीन सूर घोळवणं, तोच तारांवरचा खरवडता हात, तीच एकाने हाक मारायची आणि सगळ्यांनी ओरडून ओ द्यायची तऱ्हा. फक्त हे लोक चार मात्रांत चालत होते आणि तिच्या गावचे लोक तिनात आणि दोनात एकदमच चालत. एक पाय इथे, एक पाय तिथे. ती घरी येऊन लिसांद्रोला म्हणाली, "तुझं ते रेडिओवरचं गाणं लंगडं नाही, म्हणून मला आवडत नाही."

लिसांद्रोने वाद्य बाजूला ठेवलं. "तेच तर मी करतोय, आई! त्यांचा चारचा ठेका मी घेतलाय, पण आपला लंगडेपणा सोडला नाही. नुसत्या ड्रमवर ते उभं राहत नाही. तू वाजव बरं पायाने."

तिने चपला काढल्या, टाचांचे बूट घातले आणि अंगणात जाऊन चौरंगावर चढली. त्याने वाजवलं, तिने ठोकलं. आणि गाणं उभं राहिलं. नुसतं उभं नाही, लिंबाची पानं हलली. नेमेसियाला हसू आवरेना. मेल्याने खरंच बापाचं गाणं ठेवलं होतं, फक्त त्याला आग लावली होती.

"क्रिस्पीन बहिरा आहे," ती म्हणाली.

"काकांना सांग ना मग."

"मी का सांगू? तूच ऐकव."

ऐकवायची संधी चालून आली. शहरातल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने, डॉब्स त्याचं नाव, लिसांद्रोला एका नाचाच्या हॉलमध्ये ऐकलं आणि बोलावणं धाडलं. मुलगा एकविसाचा नाही, तेव्हा आईची सही लागणार. आणि पायांशिवाय गाणं उभं राहत नाही, तेव्हा आईचे पायही लागणार. बँडमधल्या पोरांनी चौरंग गाडीच्या टपावर दोरीने बांधला. नेमेसिया मागच्या सीटवर बूट मांडीत घेऊन, लग्नाला निघाल्यासारखी बसली.

स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं गॅरेज होतं. भिंतींना घोंगड्या ठोकलेल्या, जमिनीला अजून तेलाचा वास. डॉब्स काचेपलीकडे बसला होता. बारीक मिशांचा, हसरा, कुणाचंही वाईट न चिंतणारा आणि कुणाचंही न ऐकणारा माणूस. ड्रमवर कंपनीने लावलेला एक कृष्णवर्णीय गडी होता, क्लेटन नावाचा. त्याने नेमेसियाला उठून नमस्कार केला. चौरंग बघितला, बोटाने टकटक वाजवून पाहिला आणि मान डोलावली. नेमेसियाला तो तेवढ्यावरच पसंत पडला.

डॉब्सने एक कागद लिसांद्रोच्या हातात दिला. गाण्याचे इंग्रजी शब्द होते. मग दोघांचं बोलणं झालं. लिसांद्रो मान खाली घालून हो हो म्हणत होता.

"काय म्हणतो तो?" नेमेसियाने विचारलं.

"काही नाही. सुरात आहे का बघतोय."

"लिसांद्रो."

"इंग्रजीत गा म्हणतो. आपल्या भाषेतलं गाणं रेडिओवाले लावत नाहीत म्हणे."

"आणि?"

तो गिटारीच्या खुंट्या पिळत राहिला. "रेकॉर्डवर नाव लॅरी लेन घालायचं म्हणतो."

 नेमेसियाला चर्चच्या पायऱ्यांवरचा दीर दिसला आणि त्याचं ते 'लिहून द्या'.  पण रेकॉर्डिंगचा दिवा लाल झाला होता, पोरांनी सुरुवात केली होती आणि तिचे पाय वाजायला लागले होते. पाय नेहमीच तिच्याआधी निघतात.

पहिल्या फेरीला सगळं झकास जमलं. क्लेटनने दोन फेऱ्यांतच तिच्या टाचांचा ताल धरला आणि काठ्या त्याच्या आजूबाजूने फिरवू लागला. मग लिसांद्रोने गायला सुरुवात केली. बेबी, बेबी, असं काहीतरी. आणि नेमेसियाच्या टाचा होत्या तशाच कडाडत राहिल्या. शब्द त्यांच्याखाली पार चिरडून गेले.

डॉब्सने हात हलवून थांबवलं. "बाईंना सांग, गाताना जरा हळू."

लिसांद्रोने सांगितलं. नेमेसियाने डोळे विस्फारले. "तू गात होतास? अगं बाई! मला वाटलं घसा साफ करतोयस."

"आई!"

"खरंच सांगते. कडवं सुरू झालं हे मला कळलंच नाही. पायांना कसं कळणार?"

ती खोटं बोलत नव्हती. पन्नास वर्षं तिचे पाय एका गोष्टीवर हलके होत आले होते: माणूस माणसाला काही सांगतोय हे ऐकू आलं की. त्या बेबी बेबीत तिच्या पायांना कुणी काही सांगताना ऐकूच आलं नाही.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा बेबी बेबी आलं. आता तिला कळलं होतं, आणि आता तिने मुद्दाम टाचा आणखी जोरात हाणल्या. चौरंगाखालून धूळ उडाली. क्लेटन ड्रममागे तोंड लपवून हसत होता.

"बाईंना सांग!" काचेपलीकडून डॉब्स ओरडला.

लिसांद्रो गिटार गळ्यातच ठेवून तिच्याजवळ आला. कानशिलं लाल झाली होती. "आई, तू माझं वाटोळं करायला आलीस का? अख्ख्या शहरात एका माणसाने मला बोलावलंय. एकाने! तुझ्या रीतीभाती घरी ठेव ना आजच्या दिवस!"

"घरी ठेवायच्या होत्या तर चौरंग कशाला आणलास? नुसतं लाकूड पाहिजे होतं तर डॉब्सच्या दाराची फळी काढायची होतीस."

"इंग्रजीत गायलं तर काय माझं रक्त बदलणार आहे?"

"इंग्रजीत गा, चिनीत गा! मला भाषेचं नाही काही. पण काहीतरी सांग. तुझं काहीतरी. त्याने लिहून दिलेलं त्याच्या बायकोला म्हणू दे. तू काही सांगशील तेव्हा मी पाय थांबवीन. तोवर नाही थांबवणार, आणि मला इथून उचलायला चार माणसं लागतील, आत्ताच सांगते."

"आणि सही?"

"लॅरी लेन माझ्या पोटी झाला नाही. मी त्याची सही कशी करू?"

लिसांद्रो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं होतं.  पोराची एकमेव संधी आपण टाचांखाली घेतलीय, हे तिला दिसत होतं. उद्या तो आपल्याशीही बोलणार नाही, दीर बोलत नाही तसा. तरीही ती चौरंगावरून उतरली नाही. उतरायचं नाही, एवढंच तिला त्या क्षणी कळत होतं.

तो वळला. इंग्रजी शब्दांचा कागद त्याने ड्रमच्या पायाशी ठेवला, जागेवर गेला आणि गिटारीवर झटका मारला. इतका जोराचा, की डॉब्सने कानावरची यंत्रं काढली. पोरं त्याच्या मागोमाग वाजवत सुटली. क्लेटनने काठ्या घातल्या, नेमेसियाने टाचा. ते गॅरेज त्याच्या मोटारींच्या दिवसांतही असं हादरलं नसेल. आणि मग लिसांद्रो माइकजवळ गेला आणि बापाच्या भाषेत, स्पॅनिशमध्ये, जागच्या जागी जुळवत म्हणाला:

*पाटीवरलं पुसाल नाव,*
*गळ्यातलं कसं पुसाल?*
*फुल्हेन्सियोचा लिसांद्रो मी,*
*हाक मारा, ओ ऐकाल.*

पहिल्या शब्दालाच नेमेसियाचे पाय विरघळले. टाचा वर, नुसती बोटं, पावसाची पहिली चारदोन टिपं पडावीत तशी. क्लेटनला तिकडची भाषा येत नव्हती, पण त्याने तिचे पाय पाहिले आणि काठ्या मांडीवर ठेवून दिल्या. सगळा गोंगाट एकदम ओसरला आणि त्या शांततेत नुसतं नाव उरलं, स्वच्छ, बापाच्या नावासकट.

कडवं संपलं. आणि लिसांद्रो गप्प राहिला. त्याने एक फेरी मोकळी सोडली. नेमेसियाला कळलं तो काय करतोय. तो उत्तराची वाट बघत होता. ज्याने उत्तर द्यायचं तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, गिटार खुंटीला टांगून बसला होता. तरी पोराने त्याची जागा सोडली होती. तिने पाय हलकेच ठेवले. अख्खी फेरी बोटांवर काढली आणि ती फेरी संपली तेव्हा दोन्ही टाचा अशा आणल्या की चौरंगाला चीर गेली. क्लेटन तिच्या बरोबरीने ड्रमवर कोसळला, पोरं किंचाळली आणि गाणं शेवटापर्यंत सुसाट गेलं.

दिवा विझला.  मग क्लेटन म्हणाला, "आमच्या आजीच्या चर्चमध्ये असं करायचे. तिकडे लुइझियानात. जमिनीवर पाय." लिसांद्रोने आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्या आजीला माझा नमस्कार सांग."

डॉब्स बाहेर आला. मिशी चावत होता. "चांगलं आहे," तो म्हणाला. "वेडं आहे, पण चांगलं आहे. शब्द राहू देत, कळले नाहीत तरी चालतील. फक्त ती मधली रिकामी जागा नको. तिथे काहीच होत नाही. परत घेऊ."

"परत होणार नाही," लिसांद्रो म्हणाला. "आईच्या चौरंगाला चीर गेली आहे."

ते खरं होतं. आणि लिसांद्रोने ते हसून सांगितलं.

डॉब्सने घड्याळ बघितलं, चौरंग बघितला, क्लेटनकडे बघितलं. क्लेटन निघायच्या तयारीने ड्रमची कातडी सैल करायला लागला होता. "बरं," डॉब्स म्हणाला. "पण नाव लॅरी लेनच राहील. त्यात मी ऐकणार नाही."

नेमेसियाने हाताची घडी घातली. लिसांद्रो तिच्याजवळ वाकला. "सही कर, आई. रेकॉर्डच्या पाटीवर काय हवं ते लिहू दे त्याला. आत काय म्हटलंय ते त्याला कळलं नाही, आणि पुसताही येणार नाही. त्यावर ना ड्रम आहे ना पाय, नाव स्वच्छ ऐकू येईल."

 नेमेसियाला हसू फुटलं. अंगणात फुटलं होतं तसं, आवरता न येणारं. तिने लेखणी मागून घेतली आणि डॉब्सने दाखवलेल्या छोट्या रेघेवर न मावेल असं भलंथोरलं नाव लिहिलं: नेमेसिया लारा, फुल्हेन्सियोची बायको, लिसांद्रोची आई. शेवटचे शब्द समासात गेले. समासाला तिची काही हरकत नव्हती.

रेकॉर्ड निघाली. मोठी काही गाजली नाही, पण शहरापलीकडच्या खोऱ्यातल्या आणि शहराच्या पूर्वेकडच्या हॉलांत पोरापोरींनी ती डोक्यावर घेतली. गोरी पोरं, काळी पोरं, आपली पोरं. आणि गंमत म्हणजे सगळ्यांना आवडली ती मधली रिकामी फेरीच. लॉस एंजेलिसच्या हॉलांत ती फेरी आली की पोरं जागच्या जागी थिजायची, मग टाळ्या वाजवायची, ओरडायची, एकमेकांच्या नावाने हाका मारायची. कुणी काही शिकवलं नव्हतं. दोन-तीन बँडांनी तर आपल्या गाण्यांतही तशी जागा सोडायला सुरुवात केली. ती का सोडायची असते हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

क्रिस्पीनने रेकॉर्ड ऐकली नाही. लॅरी लेनचं आपल्याला काय करायचंय, असं तो चारचौघांत म्हणाला. ते नेमेसियाच्या कानावर आलं आणि तिने दातओठ खाऊन ते मनात ठेवून दिलं.

फुल्हेन्सियोच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना मात्र त्याला चुकवता येणार नव्हती. भावाची होती. चर्चमधून सगळे घरी आले. नेमेसियाने केळीच्या पानांत मक्याच्या पिठाचे तामाल वाफवले होते, काळ्या घेवड्याचा टोप चुलीवर होता. बाकीचे ताटं घेऊन अंगणात बसले; क्रिस्पीन एकटाच स्वयंपाकघरात टेबलाशी बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. लिसांद्रो त्याला बघून अंगणात गेला.

नेमेसियाने रेडिओ लावला. दुपारी ती रेकॉर्ड लागते, हे तिला धुलाईघरात कळलं होतं.

"आज कसला रेडिओ, वहिनी? आज भावाचा दिवस आहे."

"म्हणूनच. गप्प बसून खा."

बराच वेळ भलतंच काही लागत राहिलं. क्रिस्पीनने एक तामाल संपवला, दुसऱ्याचं पान सोडलं. मग निवेदक मोठ्या उत्साहाने काहीतरी म्हणाला आणि त्यात लॅरी लेन होतं.

"हा बघा तुमचा," क्रिस्पीन म्हणाला. "सांगितलं नव्हतं मी? नाव..."

"भावजी, फुल्हेन्सियोची शपथ आहे. तोंड बंद."

तारा सुटल्या. क्रिस्पीनचं कपाळ आधी आठ्यांनी भरलं, मग एक एक आठी उलगडू लागली. बोटं टेबलावर आपोआप वाजायला लागली. वेगळाच वेग होता, पण लंगडणं घरचं होतं. त्याला न ओळखता येईल असं ते नव्हतंच. मग गोंगाट ओसरला आणि सगळ्या शहराच्या रेडिओवर, भर दुपारी, फुल्हेन्सियोचा लिसांद्रो मी, असं ऐकू आलं. हाक मारा, ओ ऐकाल.

आणि ती रिकामी फेरी सुरू झाली.

क्रिस्पीनचा हात तामालवरच थांबला.  फेरी निम्मी गेली असेल. तो आयुष्यभर कडव्याला कडवं देत आला होता आणि एकदाच दिलं नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि खरखरीत आवाजात, रेडिओकडे तोंड करून उत्तर दिलं:

*ओ दिली बघ, उशिरा दिली,*
*म्हाताऱ्याचा राग नको;*
*बापासारखा गातोस पोरा,*
*बापाहून हळू गाऊ नको.*

शेवटच्या शब्दाला फेरी संपली आणि रेडिओतून नेमेसियाच्या टाचा कडाडल्या. टेबलावरचे पेले नाचले. टेबलाखाली तिचे खरे पाय मात्र बोटांवरच होते. दीर म्हणत होता ना.

दारात लिसांद्रो उभा होता. अंगणातून कधी आला ते कळलं नव्हतं. गाणं संपलं. मग क्रिस्पीनने नाक पुसलं, तामालचं पान नीट घडी घालून ताटाच्या कडेला ठेवलं आणि पुतण्याकडे न बघताच म्हणाला, "त्या बकरीची दोरी लांब कर. रविवारी चौरंगापर्यंत पोहोचत नाही ती."